तारेपलीकडचा संगणक

आमच्या पंपांच्या कारखान्यात संगणक नव्हता. दूरच्या एका कंपनीचा संगणक आम्ही टेलिफोनच्या तारेवरून वापरायचो. तोच त्याच वेळी इतर कारखाने आणि कंपन्याही वापरत. आमच्याकडे होतं फक्त टाइपरायटरसारखं एक यंत्र. ते मध्येच थबकलं की माझ्या वरिष्ठ कुसुमताई पुटपुटत, "आता कोण बसलंय तिथे?"

त्या संगणक-कंपनीचा माणूस यंत्र तपासायला आला की हसायचा. "ताई, कुणाचं काम कुणाला दिसत नाही."

एका दुपारी कागदावर भलतेच आकडे उमटले. ते कुणाच्या तरी पुलाच्या खांबांचे होते. मी अधाशासारखी वाचत राहिले. कुसुमताईंनी तो कागद फाडला आणि नव्या पंपाचं गणित हातानं मांडायला घेतलं. जुन्या पंपांची गणितं मात्र तिकडे, त्या संगणकातच होती. तीही कुणीतरी असंच अधाशासारखं वाचत असेल, असं मला वाटत राहिलं.