दोन घंट्या झाल्याशिवाय

चष्मेवाल्याने त्या संध्याकाळी दुसऱ्याचं पोर उचलून घरी आणलं, आणि ते दुसऱ्याचं आहे हे कळायलाही त्याला बायकोची मदत लागली. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं बसवून ‘आता नीट दिसतंय? आणि आता?’ असं विचारणारा हा माणूस. त्यामुळे गल्लीने ही बातमी जरा जास्तच चवीने चघळली.

झालं असं की दुकान बंद करायच्या वेळेला एक गिऱ्हाईक उगवलं. त्याला एकही फ्रेम पसंत पडेना. दोष चेहऱ्याचा, आणि परत जात होत्या फ्रेमा. त्यात उशीर झाला. शाळा सुटल्यावर मुलगी कंडक्टरकाकांच्या घरी थांबायची, ती वाट बघत असणार म्हणून चष्मेवाला धावतपळत सायकलच्या दुकानावरचा लोखंडी जिना चढला. बाहेरच्या खोलीत अंधारून आलं होतं. लांब सीटवर एक पोर लाल स्वेटरची टोपी नाकापर्यंत ओढून गाढ झोपलं होतं. स्वेटर ओळखीचा. मुलीच्या मावशीने विणलेला, एक बाही लांब, एक आखूड. जगात दुसरा असा होणे नाही. स्वेटर आपला म्हणजे आतलं पोरही आपलंच, असा सरळ हिशेब करून त्याने ते अलगद खांद्यावर टाकलं.

दाराशी दोरी लोंबत होती. दोरीला हिसका दिला की आत स्वयंपाकघरात घंटी वाजायची. मूल न्यायला आलेल्याने दोन घंट्या द्यायच्या आणि मगच जिना उतरायचा, असा त्या घरचा कायदा. चष्मेवाल्याने हात वर नेलासुद्धा. मग त्याच्या मनात आलं, ही आता जागी झाली तर वाटभर रडणार, घरी जेवायची नाही, आणि खापर आपल्या डोक्यावर. त्याने हात खाली घेतला आणि चोरपावलांनी जिना उतरला.

घरी बायकोने दार उघडलं. ती नुकतीच कामावरून आलेली. तिने मायेने लाल टोपी मागे सारली आणि तिथेच थांबली.

“अहो, हे कोण?”

“कोण म्हणजे? तुझी मुलगी.”

“माझ्या मुलीला पुढचे दात आहेत.”

खांद्यावरच्या पोराने एक डोळा उघडला. हा पेंगू. शाळेत, रिक्षात, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठेही झोप काढायचा म्हणून सगळे त्याला पेंगूच म्हणत. त्याने अनोळखी खोली बघितली, अनोळखी बाई बघितली आणि रोज कुठे ना कुठे ठेवल्या जाणाऱ्या माणसाच्या अनुभवी आवाजात विचारलं, “काकू, आज मला इथे ठेवलंय का?”

बायको आधी हसली, मग तिच्या तोंडचं पाणी पळालं. “अहो, मग आपली भिंगरी कुठाय?”

भिंगरी होती तिथेच. कंडक्टरच्या न्हाणीघरात हाताचा रंग धूत होती. पेंगूला थंडी वाजते म्हणून स्वेटर तिनेच त्याच्या अंगात कोंबला होता. पण तिघं धापा टाकत परत पोचली तोवर पेंगूची आई येऊन पोरगं गायब म्हणून जिन्याच्या पायरीवर मटकन बसली होती. ती हॉस्पिटलात नर्स. सगळे तिला सिस्टर म्हणत. तिने पोराला छातीशी धरलं, दोनदा चाचपून बघितलं आणि जरा दम खाऊन चष्मेवाल्याला म्हणाली, “मी चष्मा तुमच्याच दुकानातून घेतलाय. उद्या दुसरीकडून तपासून घेते.”

चष्मेवाला कंडक्टरकडे वळला. “काका, त्याचं काय झालं ना...”

कंडक्टरनी नुसता हात वर केला. “झालं ते झालं. घरी जा. पोरं दमलीत.” त्यांची नजर दोरीवर होती.

आता या कंडक्टरविषयी सांगायला हवं. जन्मभर बसमध्ये उभं राहून त्यांनी तिकिटं फाडली, आणि निवृत्त झाल्यावर बसायची वेळ आली तेव्हा बसणं काही जमेना. बायको आधीच गेलेली. दिवसभर बाल्कनीत उभे. समोर शाळेचं फाटक. शाळा दुपारीच सुटते आणि आईबापांची कामं सुटतात संध्याकाळी. शाळेच्या वेळा ठरवणाऱ्याला मुलं नसावीत आणि कामाच्या वेळा ठरवणाऱ्याने शाळा बघितलेली नसावी, असं कंडक्टरचं मत. मधल्या त्या लांबलचक दुपारी काही पोरं फाटकाच्या पायरीवर दप्तरं मांडीवर घेऊन बसलेली दिसायची. थांब्यावर माणसं ताटकळलेली आणि गाडीचा पत्ता नाही, हे दृश्य कंडक्टरना बघवेना. एके दिवशी ते खाली उतरले आणि म्हणाले, “चला, वर चला. पुढे सरकत राहा.”

तेव्हापासून हे चालू होतं. पाळणाघर म्हटलेलं त्यांना खपत नसे. “पाळणा कुठाय इथे? सीट आहे,” म्हणायचे. खरोखरच होती. भंगारात निघालेल्या बसची मागची लांब सीट त्यांनी हातगाडीवरून घरी आणली होती. तिच्यासोबत घंटी आणि दोरीही आली. खिडकीची जागा रोज पाळीने. मध्येच उठायचं नाही, खिडकीबाहेर हात काढायचा नाही, भांडणं झाली तर दोघांनाही उभ्याने प्रवास. कोणी दुसरं बिस्किट मागितलं की कंडक्टर गंभीर चेहऱ्याने विचारायचे, “पहिलं पोचलं का शेवटच्या स्टॉपला?” पोरगं पोटाला हात लावून खात्री करून घ्यायचं. अभ्यासाला “आता घाट लागलाय, कोणी बोलू नका” आणि खेळाला “दहा मिनिटं गाडी थांबेल” असं नाव होतं. ती दहा मिनिटं संध्याकाळपर्यंत पुरायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगरी शाळेतून नेहमीसारखी जिना चढून गेली आणि तशीच उतरून आली. दारावर पुठ्ठा टांगलेला: ‘गाडी बंद आहे. प्रवाशांनी पर्यायी व्यवस्था करावी.’

पर्यायी व्यवस्था म्हणजे काय ते मग सगळ्यांना कळलं.

चष्मेवाल्याच्या बायकोला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नुकतीच नोकरी लागली होती. भिंगरीच्या जन्मानंतर सोडलेलं काम इतक्या वर्षांनी परत हाती आलेलं. अजून कायम व्हायची होती. दुपारची सुट्टी मागायचं नावसुद्धा काढायची सोय नव्हती. म्हणून भिंगरी दुकानात बापाजवळ बसू लागली. पहिल्या दिवशी तिने अक्षरांचा तक्ता पाठ केला. पुढच्या दिवसापासून ती गिऱ्हाइकांच्या मागे उभी राहून त्यांना हळूच अक्षरं सांगू लागली. एका आजोबांना सगळ्यात खालची बारीक ओळ घडाघडा वाचता आली. चष्मेवाला थक्क. आजोबाही थक्क. “माझे डोळे सुधारले हो!” म्हणत ते आनंदाने बाहेर पडले आणि दाराच्या काचेवर आपटले.

तिकडे सिस्टर पेंगूला हॉस्पिटलात नेत होती. तो एका मोकळ्या स्ट्रेचरवर झोपला आणि वॉर्डबॉयने त्याला थेट एक्स-रेच्या दारापर्यंत नेलं. तिथल्या डॉक्टरने विचारलं, “काय होतंय?” पेंगू म्हणाला, “झोप येतेय.”

एका रात्री जेवताना चष्मेवाला हळूच म्हणाला, “असं किती दिवस चालणार? कोणीतरी घरी थांबायला हवं.”

बायकोने पोळी ताटात ठेवली. “त्या कोणीतरीचं नाव सांगा ना.”

चष्मेवाला पाणी प्यायला.

“सांगा ना. मीच ना ते कोणीतरी? पोर बदललंत तुम्ही आणि नोकरी सोडायची मी?” तिचा आवाज चढला नाही, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. “लॅबमध्ये माझ्यासाठी नवा पांढरा कोट शिवून आलाय. अजून एकदा धुतलासुद्धा नाही. तुम्ही बिघडवलंय, तुम्हीच जा कंडक्टरकाकांकडे. पाय धरा, नाक घासा, काय हवं ते करा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाला कुलूप लावून, भिंगरीला खालच्या सायकलवाल्याकडे चाकं फिरवायला बसवून चष्मेवाला जिना चढला. चढताना माफीची वाक्यं घोकत होता. दार उघडंच होतं. कंडक्टर त्या लांब सीटवर एकटेच, अगदी कडेला, दुसऱ्यांना जागा ठेवून बसावं तसे बसले होते. त्यांनी गजराचं घड्याळ कानाला लावलं होतं. एका कानाला लावत, मग दुसऱ्याला. मग हात लांब करून ऐकत.

“काका, घड्याळ बंद पडलंय का?”

कंडक्टर दचकले. “घड्याळ बरं आहे हो. कान गेलेत.” घड्याळ त्यांनी मांडीवर ठेवलं. “बसा. तुमच्यावर राग नाही माझा. तुमचा काय दोष? तुम्ही रीतसर घंटी दिलीत. मीच आत दुधापाशी उभा, आणि मला ऐकू आली नाही. डोक्यावर घंटी वाजते आणि माणसाला पत्ता नाही! अशा माणसाने पोरं सांभाळायची? आज पेंगू तुमच्या घरी सापडला. उद्या जिन्यावरून कोणी पडलं, हाका मारत राहिलं, तर?” ते खिडकीबाहेर फाटकाकडे बघत म्हणाले, “बहिऱ्याने गाडीवर चढू नये. आपण होऊन उतरावं.”

चष्मेवाला घोकलेली सगळी वाक्यं विसरला. माणूस आपल्यावर चिडलाय असं तो इतके दिवस समजत होता, आणि हा बिचारा स्वतःचे कान तपासत बसला होता!

“काका,” तो म्हणाला, “घंटी वाजली असं कोण म्हणालं तुम्हाला?”

“म्हणायला कशाला हवं? घंटी दिल्याशिवाय मूल कोण नेईल?”

“मी नेलं.”

“काय नेलं?”

“पोर. म्हणजे पेंगूला. घंटी न देता. भिंगरीची झोप मोडेल म्हणून मी दोरीला हातच लावला नाही. वाजलीच नाही घंटी, तर ऐकू कशी येणार?”

“वाजवली नाहीत?”

“नाही.”

“एकही?”

“एकही नाही, काका. शपथ.”

कंडक्टर सावकाश उठले. “जिना उतरा,” ते म्हणाले.

“काका, माफ करा, पण...”

“उतरा म्हणतो ना! खाली जा, सायकलींपाशी उभे राहा, आणि काहीतरी पुटपुटा. जोरात नाही. तोंडातल्या तोंडात.”

चष्मेवाला उतरला. भिंगरी चाक फिरवायचं थांबवून बघू लागली. सायकलवाल्यानेही पाना खाली ठेवला. आता पुटपुटायचं काय? चष्मेवाला हवेत बघून कसंबसं म्हणाला, “चुकलो, काका.”

वरून आवाज आला, “तेवढ्याने भागायचं नाही!”

भिंगरीने टाळ्या पिटल्या. तिने जिन्याच्या कठड्याला तोंड लावून कुजबुजत विचारलं, “आजोबा, खिडकीची जागा आज कोणाची?”

“पेंगूची! तुझी गेल्या खेपेला होऊन गेली. लबाडी नको!”

चष्मेवाल्याच्या छातीवरचा दगड उतरला. पण वर पोचेपर्यंत कंडक्टरचा आनंद संपून राग सुरू झाला होता. आणि इतक्या दिवसांचा साठलेला राग, तो काही साधा नव्हता. घंटी कशासाठी लावलीय, शोभेला? झोप मोडेल म्हणे! आणि पोर बदललं ते? मी इथे सकाळ-संध्याकाळ नळाच्या थेंबांवर कान तपासतोय, भिंतीला विचारतोय ऐकू आलं का, आणि हे महाशय तिकडे चष्मे विकतायत! उचललेल्या पोराचं तोंड बघायची पद्धत नाही का तुमच्यात? सायकलवाला खालून म्हणाला, “कंडक्टर, शाळेतसुद्धा ऐकू जातंय.” कंडक्टर म्हणाले, “जाऊ दे!” आणि आणखी थोडं बोलले.

चष्मेवाला मान खाली घालून सगळं ऐकत होता आणि मनातून असा सुखावत होता की विचारू नका. इतकी गोड बोलणी त्याने आयुष्यात खाल्ली नव्हती. बायकोचा पांढरा कोट त्याच्या डोळ्यांपुढे फडफडत होता. लॅबमध्ये फोन करून तिला कधी एकदा सांगतो असं त्याला झालं होतं.

बोलून दमल्यावर कंडक्टरनी दारावरचा पुठ्ठा काढला, उलटा केला आणि भिंगरीच्या हातात दिला. “घे, मागच्या बाजूला चित्र काढ. बस काढ. चाकं गोल काढ, मागच्या वेळेसारखी बटाट्यासारखी नकोत.” मग ते स्वयंपाकघरात जाऊन दुधाचं पातेलं शोधू लागले. जाता जाता त्यांनी दोरीला हिसका दिला. घंटी दोनदा वाजली. ते घंटीखाली क्षणभर उभे राहिले आणि त्यांनी हळूच नाक पुसलं.

चष्मेवाल्याने दारातून भीत भीत विचारलं, “म्हणजे काका, उद्यापासून आणू ना भिंगरीला?”

“आणा,” कंडक्टर आतून म्हणाले, “पण न्यायला बायकोला पाठवा.”