आधी दार लावा!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे मलाच हसू आवरणार नाही. माझ्या घरी पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यांना मी स्वतःच्या तोंडाने घराबाहेर काढलं. तेही मे महिन्यात, सोलापुरात, भर दुपारी!

पण आधी घराविषयी सांगायला हवं, कारण सगळा दोष त्याचाच आहे. बरं, माझाही.

मी वास्तुविशारद. हवा उष्ण असो की दमट, अत्यल्प विजेवर घर गार कसं ठेवावं, हा माझा विषय. इतरांना सल्ले देण्यात उमेदीची वर्षं गेली आणि मी स्वतः राहायचे ती भाड्याची जागा मात्र भट्टीसारखी तापायची. शेवटी सोलापूरला परतले आणि वडिलांच्या रिकाम्या प्लॉटवर सिद्धान्त बांधून दाखवला. मध्ये पोकळी सोडलेल्या जाड भिंती. पश्चिमेला एकही खिडकी नाही. पावसाळ्यातली दमट हवा बाहेर पडावी म्हणून उंचावर झडपा. छताखाली चंदेरी आवरण, ते उन्हाला परतवतं. (मोबाईलच्या सिग्नललाही परतवतं, हे नंतर कळलं.) दाराला चारही बाजूंनी रबरी पट्ट्या, त्यामुळे नुसतं लोटलं तरी ते घट्ट बसतं. नियम एकच: रात्री सगळं उघडायचं, सकाळी ऊन चढायच्या आत सगळं बंद करायचं.

दारावरची घंटा मी बसवलीच नाही. वाजो न वाजो, ती दिवसभर थोडी वीज खातच असते. लोक म्हणतात, एवढीशी तर वीज! एवढीशी म्हणजे शून्य नव्हे.

घर उत्तम झालं. अडचण इतकीच, की ते उत्तम आहे हे माझ्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्ष होत आलं, तरी माझ्या बैठकीत माझ्याशिवाय कुणी बसलेलं नव्हतं. दुपारी पंख्याविना गारव्यात बसून मी एकटीच मोठ्याने म्हणायचे, "वा!" भिंती चांगल्या असल्या म्हणून त्या दाद थोड्याच देतात?

शेवटी ठरवलं, गल्लीला बोलवायचंच. समोरच्या बिराजदार मावशींना सांगितलं, "रविवारी दुपारी अडीचला सगळ्यांना घेऊन या."

"दुपारी?" मावशींनी डोळ्यांवर हात धरून वर सूर्याकडे पाहिलं. "संध्याकाळी का न्हाय ओ?"

"संध्याकाळी सगळ्यांचीच घरं निवतात, मावशी. फरक अडीचला कळतो."

आता सांगा, शास्त्रीयदृष्ट्या यात काही चूक आहे?

रविवारी सकाळीच पन्हं केलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, सगळं मांडलं. दार नुसतं लोटून घेतलं, कडीही घातली नाही. अडीच वाजले. कुणी नाही. पावणेतीन झाले. कुणी नाही. मला आधी आश्चर्य वाटलं, मग राग आला, आणि त्यानंतर जे वाटलं त्याला काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही. खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. त्या उगाच एकमेकींकडे बघत बसल्यासारख्या वाटायला लागल्या, म्हणून मी त्या भिंतीकडे वळवल्या.

इतक्यात धाडकन आवाज झाला! दार उघडलं आणि मावशींचे यजमान, अण्णा, दाराला लावलेल्या खांद्यासकट आत कोसळले. त्यांच्या मागे मावशी. त्यांच्या मागे अख्खी गल्ली, घामाने निथळणारी, भेदरलेली.

आणि त्या सगळ्यांच्या पुढे आत घुसली ती गरम हवा. दिवसभर जपलेला गारवा माझ्या डोळ्यांदेखत चालला होता हो! मी हातातला पन्ह्याचा पेला उंचावून ओरडले,

"दार लावा! आधी दार लावा!"

अण्णा जमिनीवरून उठले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, मुकाट्याने मागे सरकले आणि दार लावून घेतलं.

बाहेरून!

माझ्या घरात बाहेरचा आवाज येत नाही, हे मी अभिमानाने सांगत असते. त्यामुळे दारापलीकडे कोण काय बोललं, कोण किती वेळ थांबलं, मला काहीच कळलं नाही. मला तर वाटलं, दार लावताना ते चुकून बाहेर राहिले आणि आता पुन्हा उघडून आत येतील. मी पेला धरून वाट पाहत उभी राहिले. भानावर येऊन दार ओढलं, तोवर गल्लीत नुसतं ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींकडे गेले. त्या दारातच शेंगा फोडत बसल्या होत्या.

"काल असं काय केलंत, मावशी?"

"आमी केलं? अय्यो! ओ बाई, दार बंद, बाहेर चप्पल न्हाय, कूलरचा आवाज न्हाय. असं घर म्हंजे माणसं गावाला गेलेली! हाका मारल्या, फोन लावला, दार ठोकून हात सुजले. ढकललं तर हलंना, आमाला वाटलं आतून कडी हाय. सगळे परत फिरलो. पर ह्यांच्या जिवाला चैन पडंना. म्हणले, बोलावून बाई कुटं जातील? एकट्या असत्यात, चक्कर येऊन पडल्या असतील. म्हणून जोर लावला की सगळ्यांनी!"

मी म्हटलं, "अहो, मग परत का गेलात?"

"तुमीच म्हणला, दार लावा. लावलं!"

"आत येऊन लावा, असं म्हणायचं होतं मला."

"मग आधी 'या' म्हणायचं असतंय ओ!"

हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. दोन पदव्या आहेत माझ्याकडे.

"बरं, मग आज या," मी घाईने म्हटलं.

"आज कसं जमंल? आज नवा कूलर आणलाय ह्यांनी. तुमीच या की आत! या, या, बसा."

मी आत गेले. कूलर खिडकीत बसवायचा सोडून खोलीच्या मधोमध ठेवलेला, म्हणजे तीच ओली हवा गोल गोल फिरत होती. दार सताड उघडं, त्यातून झळा येत होत्या. पत्र्याचं छत वरून तापत होतं. साडी पाठीला चिकटली. मावशींनी समोर चहा ठेवला, उकळता. शेजारणी येत गेल्या, सरकून जागा करत गेल्या, माझ्या कालच्या ओरडण्याची नक्कल करून झाली, आणि ऊन उतरलं तरी मी उठायचं नाव घेईना.

अण्णांनी कूलरचं तोंड माझ्याकडे वळवून विचारलं, "तुमी यातल्या जाणकार. खरं सांगा मॅडम, गार वाटतंय का न्हाय?"

कपाळावरचा घाम पुसत मी म्हटलं, "फारच गार आहे हो!"

माझ्या व्यावसायिक आयुष्यातलं हे पहिलं धादांत खोटं तांत्रिक मत.