तापल्या ड्रमवरचा लाल रंग

कचरू पेंटरबद्दल माझ्यापेक्षा बरं लिहिणारे मलकापुरात असतील. पण त्या दिवशी गाडी मी चालवत होतो, म्हणून लिहितो.

महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी गुलाबराव मालकांच्या जीपवर ड्रायव्हर होतो. जीपची दुरुस्ती हायवेवर इंद्रभान मिस्त्रीच्या गॅरेजात व्हायची. रंगकाम कचरू करायचा, गॅरेजबाहेर, उघड्यावर. शेजारी जिनिंग, त्यामुळे हवेत सतत कापसाची पिंज. ती ओल्या रंगावर बसली की पत्र्याला मिसरूड फुटल्यासारखं दिसे. कचरूला गॅरेजमागची, दार असलेली खोली हवी होती. मिस्त्री तिच्यात फाटके टायर ठेवी, पण खोली देत नसे. कचरूनं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती आणि तेव्हापासून मिस्त्रीपुढे वाकणं सोडलं होतं. मिस्त्रीनं त्याचा चहाचा कप वेगळा केला. कचरूनं तिथला चहाच सोडला.

मालकांनी कुठेतरी लाल ब्रेक-ड्रमची गाडी पाहिली. चाकाच्या भोकांतून लाल दिसतं, ते त्यांना फार आवडलं. आमच्या जीपला साधा रंग लावून पाहिला. पण ब्रेक दाबून घाट उतरला की ड्रम तापतो. रंग जळून काळा पडला, वर घाण वास.

"मी टिकवून दाखवतो," कचरू म्हणाला.

मिस्त्री हसला. "काऊन बे, पाट्या रंगवता रंगवता इंजिनेर झाला का?"

"टिकला तं खोली देसान?"

"राजूर घाट उतरून टिकला तं खोली तुही. नाई टिकला तं या रोडवर दिसू नको."

कचरू मालकांकडे वळला. "मालक, आयकलं ना तुमी?"

मालकांनी मान हलवली.

साबणवाले वापरतात ते सिलिकेट आणि तांबडी भुकटी, असं काहीतरी कचरूनं घोटलं. ते तापवून पाहायला त्यानं घरच्या भाकरीच्या तव्याचं बूड रंगवलं. मी मालकांचा निरोप घेऊन गेलो, तेव्हा त्याची बायको तानुबाई चुलीपुढे कडाडत होती.

"गावात दुसरं लोखंड नाई? माह्याच तव्याले रंग?"

"ड्रमही एवढाच तापते. थाप भाकर."

"इख थापून न्या त्या मिस्त्रीले!"

तिनं भाकरी केल्या. कचरूनं काजळी पुसली, खाली लाल तसाच. असं बरेच दिवस चाललं. तवा उतरवला की तानुबाई भिंतीला टेकवून निवू द्यायची. तापल्या तव्यावर पाणी टाकायचं नाही, घराला वाईट असतं, ही समजूत आमच्याकडे घरोघरी आहे. दीक्षेनंतरही ती समजूत तिच्या चुलीपासून हलली नव्हती. त्यामुळे कचरूच्या रंगानं आग पुष्कळ पाहिली, पाणी कधीच नाही.

परीक्षेच्या दिवशी चारही ड्रम त्या रंगानं रंगवलेले; बुलडाण्याहून घाट उतरलो. मालक माझ्या शेजारी. मिस्त्री आणि कचरू मागे समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागू न देता.

"दाब ब्रेक," मिस्त्री मला म्हणे. "आनखी दाब. पायात जीव नाई का तुह्या?"

घाटाखाली थांबलो तेव्हा ड्रमजवळ हात नेववत नव्हता. रंग मात्र मिरचीसारखा लालभडक. कचरू उकिडवा बसून चारही चाकांतून डोकावून आला. उठला तेव्हा हसत होता. त्याला हसताना मी क्वचितच पाहिलं.

मिस्त्री नाल्यावर गेला, बादली भरून आणली आणि पुढच्या चाकावर फेकली. चर्र झालं. वाफ गेली तसे लाल पोपडे सुटले आणि तांबडा गाळ टायरवरून धुळीत उतरला.

"हे काय केलं?" कचरू ओरडला.

"घाटाखाली ड्रमवर पानी मारल्याबिगर कोन पुढे जाते? इचार या ड्रायव्हरले."

खरं होतं. आम्ही सगळेच मारायचो.

"घाट उतरून टिकला तं, असं बोलनं होतं. उतरला. टिकला!"

"अन् आता कुठं हाय?"

"तुले रंग नवता धुवाचा, इंद्रभान. तुले मलेच धुऊन काढाचं होतं."

कचरूला मिस्त्रीशी नावानं, अरेतुरे बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मिस्त्रीनं बादली आपटली. दोघं मालकांकडे पाहू लागले. मालक आपल्या डागाळलेल्या चाकाकडे पाहत होते. पुढेही गाडी तर दुरुस्तीला मिस्त्रीकडेच न्यायची होती.

"सोड ना कचरू. गेला रंग. चाल, बस."

तो बसला नाही, चालू लागला. थोडं पुढे त्याला गाठून मी गाडी हळू केली, तर म्हणाला, "जाय. तुह्या मालकाची गाडी हाय."

त्याच आठवड्यात बिऱ्हाड घेऊन तो चिखलीला गेला. पुढे एकदा मी तिथल्या बाजाराला गेलो असताना भेटला. स्वतःच्या खोलीत, दार लावून पाटी रंगवत होता. मी दार उघडून आत गेलो, तर बस म्हणाला नाही.

"मिस्त्री जिता हाय?"

"हाव."

"जगू दे. ही खोली पाह्यल्याशिवाय नको मरू म्हन त्याले."

मी निरोप सांगितला. मिस्त्री थुंकला आणि जॅकवरच्या गाडीखाली सरकला.