जलपरीचा सौदा

वैशालीला मी फसवलं, आणि मला एका कादंबरीच्या लेखिकेनं. यातली पहिली गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, अगदी नवऱ्यालासुद्धा नाही. आज तुम्हाला सांगते.

माझा धंदा पडद्यांचा. कोल्हापूरहून लग्न होऊन चंदीगडला आले तेव्हा एक शिलाई मशीन होतं, आता स्वतःचं दुकान आहे. फौजी माणसांची बदली झाली की जुन्या घराचे पडदे नव्या खिडक्यांना कधीच बसत नाहीत. जाणाऱ्यांचे मी घेते, कापून-जोडून येणाऱ्यांना देते. घासाघीस दोन्हीकडे करते — आणि हरत नाही. बाजूचा कापडवाला गिऱ्हाइकांना सांगतो, "भाभीजी से पंगा मत लेना जी."

इथं मराठी पुस्तक सहज मिळत नाही. म्हणून आमच्या बायकांत आलेलं पुस्तक घरोघर फिरतं, आणि बदली होईल तिनं ते इथंच ठेवून जायचं. तशीच ती कादंबरी आली. माणसांत राहणारी जलपरी. बंदरातल्या शाळेत गाणं शिकवते आणि दीपगृहाच्या रखवालदारावर जीव टाकते. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "माशांची लफडी कसली वाचता? त्यापेक्षा पापलेट आणा!" सगळ्या हसल्या. सगळ्यात जास्त वैशाली. हवाई दलातल्या अधिकाऱ्याची बायको, आणि या गावातली माझी एकुलती एक खरी मैत्रीण.

आणि मग — कसं सांगू? — तिच्या घरी पडद्यांची मापं घेताना ते पुस्तक खिडकीत दिसलं. शिडीवर उभ्या उभ्या एक पान वाचलं. मग दुसरं. जाताना जुन्या पडद्यांच्या गठ्ठ्यात घालून घरी घेऊन आले. मागितलं असतं तर तिनं हसत दिलं असतं. पण मग माझ्या पापलेटचं काय?

तेवढ्यात तिच्या नवऱ्याची नाशिकला बदली निघाली. पुस्तक तिचं अर्धंच झालेलं. सामान बांधता बांधता तिनं कपाटं उलथीपालथी केली. "शोभाताई, तुम्ही पाहिलंत का हो?"

"मला काय करायचंय तुझ्या मासोळीशी?"

ती गेली. मी शेवटचं प्रकरण उघडलं — आणि पुस्तक भिंतीवर फेकलं! जलपरी समुद्र कायमचा सोडते. गाणंही सोडते. आणि तो रखवालदार? तो चहा पितो. असा सौदा असतो होय? माझ्या दुकानात असा सौदा करणाऱ्याला मी पाणीसुद्धा विचारणार नाही.

काही दिवसांनी वैशालीचा फोन. पुस्तक छापून संपलेलं, नाशिकच्या दुकानांतही मिळेना. कुणाला शेवट ठाऊक आहे का? मी म्हटलं, एका बाईनं सांगितला. आणि ठोकून दिलं — सहा महिने समुद्र, सहा महिने जमीन, आणि समुद्राच्या महिन्यांत होडी वल्हवत यायचं ते रखवालदारानं.

ती म्हणाली, "असं मागता येतं होय, ताई?"

दर बदलीला हिनं शिकवायची नोकरी सोडलेली, हे मला ठाऊक होतं. पुढं तिच्या नवऱ्याची जोधपूरला बदली झाली, तेव्हा ती नाशिकच्या कॉलेजातून हललीच नाही. सुट्टीत तिनं तिकडे जायचं, रजेत त्यानं इकडे यायचं. आणि तो तयार झाला! दोघं मजेत आहेत.

आता त्याची बदली पुन्हा चंदीगडला झाली आहे. ती रविवारी सुट्टीला येते आहे. परवा फोनवर म्हणाली, "ताई, ते पुस्तक कुठं सापडतंय का बघा ना यार. शेवट यांना वाचूनच दाखवायचाय. यांना वाटतं मी मनाचं सांगते."

तिनं ज्या पानावर एवढा संसार उभा केला, ते पान कुठं छापलेलंच नाही. हे ऐकून ती हसेल? की पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकणार नाही? मला माहीत नाही. पुस्तक गठ्ठ्याखालून काढून पुसून ठेवलंय. रविवारी तिच्या हातात देईन. ते मी घेतलं, खोटं मी बोलले, आणि केवळ चारचौघींत हसं होऊ नये म्हणून. त्याचा जाब तिला मी देईन.

पण लेखिकाबाई, तुम्ही कुठं असाल तिथून मलाही एक जाब द्या. जलपरीनं समुद्र दिला, गळा दिला. त्या रखवालदारानं काय दिलं?