लख्ख घासलेलं नाणं

आज चांदीचं निरांजन टूथपेस्टने घासायला घेतलं आणि त्या पुदिन्याच्या वासाने जर्मनीतल्या कोलोन शहरातली आमची पहिली दिवाळी आठवली.

लग्नात माझ्या जर्मन सासऱ्यांनी मला त्यांच्या वडिलांकडून आलेलं रोमन चांदीचं नाणं दिलं होतं. काळं पडलेलं, त्यावर एकमेकांत गुंफलेले दोन हात. “रोमन लोकांची ही एकोप्याची खूण,” ते म्हणाले होते.

लक्ष्मीपूजनाला ते येणार होते. माझ्या यादीत ‘चांदी घासणे’ होतं, म्हणून निरांजनाबरोबर नाणंही ब्रशने खसाखसा घासलं. कुंकू लावून तबकात ठेवलं आणि ते आल्यावर ऐटीत म्हटलं, “पापा, बघा! तुमच्याकडे इतकी वर्षं कुणी घासलंच नव्हतं वाटतं!”

त्यांनी नाणं खिडकीपाशी नेलं, अंगठा फिरवला. नाण्यावरच्या हातांची बोटं दिसायची ती त्या काळ्या रेषांमुळेच. आता नुसते दोन गुळगुळीत उंचवटे उरले होते.

“हो... छान. खूप स्वच्छ,” ते म्हणाले आणि कुंकू न पुसता नाणं परत ठेवलं.

स्वयंपाकघरात नवरा कुजबुजला, “अगं, तो काळेपणाच जपायचा असतो!”

“मग आधी सांगायचं ना!” मी त्याच्यावरच उखडले. बाहेर सासरे तिसरी चकली मागत होते.

माझा चेहरा पडू नये म्हणून ते हसत राहिले, हे मला ते गेल्यावर उमगलं. माफी मागायची राहून गेली. आता यादीत ‘नाणं सोडून’ असं लिहिते. पूजेत नाण्याला कुंकू लावलं की त्यावरच्या हातांतल्या एका बोटाची रेष तेवढी उमटते.