कातळ चढणारी गाडी

माझ्या नवऱ्याचं नाव हर्षद. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आज घेतेय. एरवी आमचे ‘हे’. हे न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवायचे. मागे एवढा लांबलचक कंटेनर लावून हा माणूस अशा गल्लीतून उलटा जायचा, जिथून डोक्यावर पाटी घेऊन जाताना माझं कोपर घासतं. गर्व होता त्याचा, आणि असावा पण. मग एकदा हायवेच्या कडेला टायर बदलताना जॅक सरकला. पाय वाचला, पण उजवा गुडघा वळायचा थांबला तो थांबलाच.

आमच्या गावाची देवी खडकाई. खाडीच्या तोंडाशी काळा कातळ आहे, त्याच्या माथ्यावर बसलीय. पायऱ्या नाहीत. बांधायच्या म्हटलं की आई कौल देत नाही म्हणतात. मला विचाराल तर पुढाऱ्यांचं एकमत होत नाही. त्यामुळे हात टेकत, गुडघे टेकत चढायचं. चैत्रातल्या जत्रेला पहिला नारळ आमच्या घरचा, पण त्याचा नियम मोठा कडक. घरच्या कर्त्यानं हातात घेतलेला नारळ आईच्या पायाशी पोचेपर्यंत दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. लागला, तर मान त्या हाताच्या घरात गेला. कर्त्याला पाठुंगळी घेऊन कुणी चढलं, तर मान पाठवाल्याचा. आणि लागोपाठ तीन जत्रा चुकल्या, तर मान शेजारच्या घरी, म्हणजे सदाच्या घरी.

पहिल्या जत्रेला हे इस्पितळात होते, दुसरीला खाटेवर. तिसरी तोंडावर आली.

“मी नेते,” मी म्हटलं. तर आमच्या सासूबाई, ठमाबाई, आडव्या आल्या. “पयला नारळ बाईमानसाच्या हातून चढत न्हाय.”

“का? देवी काय बाप्या हाय काय?” मी विचारलं. मग बरेच दिवस आम्ही दोघी फक्त भांडी आपटून बोललो.

मला भीती वाटली ती यांची. रागावले असते, देवाला शिव्या घातल्या असत्या, तरी चाललं असतं. पण जेवायचे, टीव्हीकडे बघायचे, आणि कातळाच्या बाजूची खिडकी लावून घ्यायचे. “सात पिढ्यांचा मान माझ्या पायात अडकला,” एवढं एकदाच म्हणाले.

गाडी आणली परेशनं. हा यांच्याच कंपनीतला ड्रायव्हर, वयानं लहान, यांना दादा म्हणतो. रिमोटवर चालणारी गाडी, मांजराएवढी, चार गुबगुबीत चाकं. दगडांवर चढायलाच बनवलेली असते म्हणे. “वहिनी, दादाच्या हातात स्टेरिंग पायजे,” परेश म्हणाला. “ल्हान तर ल्हान.”

घ्या! आता हे खेळत बसणार आणि मी मासळी साफ करणार, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. कारण त्या दिवशी हे किती दिवसांनी अंगणात येऊन बसले होते.

रोज अंगणातल्या दगडांवर गाडी चढवायची, उतरवायची. एका सकाळी मी भाकरी थापत होते, तर दारातून म्हणाले, “नूतन, गाडीला हात नसतात.”

“मग काय शिंगं असतात?” मी म्हटलं. आणि मग एकदम डोक्यात उजेड पडला. भाकरी करपली ती करपलीच.

पुजारी रावजीआजा. नारळ गाडीवर बांधून चढवला तर चालेल का, विचारायला त्यांच्याकडे गेलो, तर आधी दम लागेपर्यंत हसले. मग पान लावता लावता गंभीर झाले. “गाडीला हात न्हायत, ह्ये खरं. आईची हरकत नसावी. पन मधीच अडकली नि कोनी उचलली, तर मान उचलनाऱ्याचा. कबूल?”

“कबूल,” हे म्हणाले.

कबूल म्हणणं सोपं होतं. रिकामी गाडी शेळीसारखी चढायची, पण नारळ बांधला आणि आतून करकर आवाज आला. गिअर प्लॅस्टिकचे, त्यांचे दातच झडले. परेशनं पोलादी गिअर मागवले. ते बसवले, तर मोटरचा जोर चाकांकडे नेणारा दांडा, शाफ्ट म्हणतात त्याला, पिळवटून गेला. तोही पोलादी घातला, तर एक्सलमध्ये, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या कण्यात, काहीतरी तुटलं.

“एक मजबूत केलं की सगळा जोर पुढच्या कच्च्यावर जातो,” हे म्हणाले.

“ते मला सांगता? तुमचा गुडघा गेला नि माझी कंबर धरली.”

हे हसले. अपघातानंतर असं पोट धरून पहिल्यांदा हसले. मला रडू यायला लागलं, म्हणून मी रागारागानं भांडी घासायला गेले. परेशचे उपकार मी या जन्मी फेडणार नाही, आणि फेडायचेही नाहीत मला. असू देत डोक्यावर.

एकेक करत सगळी गाडी पोलादी झाली. शेवटी आला एक खास गिअर. तो ज्या एक्सलला बसवाल, ती चाकं दुसऱ्या जोडीपेक्षा जराशी जास्त फिरतात. आता हे पडले ट्रेलरवाले. ट्रेलरला जोर मागच्या चाकांचा आणि ओझंही मागेच. यांनी गिअर मागे बसवला, नारळ मागे बांधला. परेशला विचारलं, तो म्हणाला बरोबर. पण परेशही ट्रेलरवालाच! आमच्या गावात मिठागरं बंद पडली तसा घरटी एक जण ट्रेलरवाला झाला, ज्याला विचारावं तो म्हणे, “मागंच पायजे.” आणि गाडी उभ्या दगडाला लागली की मागच्या दोन चाकांवर उभी राहायची आणि धप्पकन उताणी पडायची. जत्रा आठवड्यावर आली, तरी आपली उताणीच.

त्या दुपारी हे घराच्या पायऱ्या चढत होते. दोन्ही हातांनी कठडा धरायचा, अंग वर ओढायचं, पाय मागून फरफटत आणायचा. मध्येच थांबले. मला वाटलं चक्कर आली, मी धावले.

“मला वर नेतंय कोन?” मलाच विचारलं. “हात. पाय नुसता मागनं येतो. नूतन, गाडी पुढनं ओढायला पायजे!”

दिवस मावळायच्या आत गिअर पुढच्या एक्सलला गेला, नारळ पुढे, अगदी खाली बांधला. गाडीनं पुढची चाकं दगडावर रोवली आणि अंग वर ओढून घेतलं. अगदी यांच्यासारखं. सासूबाई इतके दिवस तोंड फिरवून बसायच्या, त्या उठल्या आणि गाडीला हळदकुंकू लावलं. वर मला म्हणाल्या, “बघत काय ऱ्हायलीस? मिरच्या आन, दृष्ट काढूया.”

जत्रेला अख्खा गाव कातळाखाली. यांनी नारळ कपाळाला लावला, स्वतःच्या हातानं बांधला आणि गाडी सोडली. एक एक दगड घेत ती निघाली. मी देवीचं नाव घेत होते, मध्येच परेशचं पण घेत होते.

माथ्याच्या जरा खाली कड आहे. गाडी ती ओलांडून गेली आणि दिसेनाशी झाली. कडेपलीकडचं खालून दिसत नाही, हे एवढ्या दिवसांत कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं, कारण आजवर जो तो स्वतःच वर गेला होता. वरून नुसता चाकं घासल्याचा आवाज यायला लागला. यांनी रिमोटवरचे अंगठे उचलले.

वर रावजीआजा होते, आणि दुसऱ्या नारळाचा मानकरी म्हणून सदा; दोघं कमरेपासून वर तेवढे खालून दिसत होते. गाडी सदाच्या पायाजवळ अडकली होती. तो खाली वाकला. नुसता हात घातला असता, तरी मान त्याचा होता, आणि कुणी त्याला नावं ठेवली नसती.

सदानं दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि ओरडला, “हर्षद! मागं घे. आजून. बस्स! आता डावी मार.”

ट्रेलर मागे घेताना ड्रायव्हरला काही दिसत नाही. क्लीनर खाली उतरून ओरडतो आणि त्या आवाजावर ड्रायव्हर गाडी घालतो. सदानंही पोटासाठी आधी क्लीनरकीच केली होती. यांनी डोळे मिटून घेतले.

“येऊ दे... येऊ दे... उजवी जराशी... येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस्स! पोचली!”

आमच्यात नारळ पायाशी आला की पुजारी विचारतो, आणि आणणाऱ्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं असतं. रावजीआजांचा आवाज आला, “नारळ कोनाच्या हातचा?”

यांनी सदऱ्याच्या बाहीत तोंड खुपसलं. मी यांना कोपरानं ढोसलं. रावजीआजांनी पुन्हा विचारलं.

वरून सदाच बोलला, खणखणीत. “हर्षदच्या हातचा! मी हितंच उभा हाय. दुसरा हात लागला न्हाय!”

यांनी भर गर्दीत रडत रडत हात जोडले, आधी आईला, मग सदाला. मी आधी सदाला जोडले. आई रागावणार नाही.