दुर्वाचा दाखला काढू नकोस

सुषमे,

सईचा दाखला काढला तो दिवस तुला आठवत असेल. तू शाळेबाहेर रिक्षात आमच्या पिशव्या कोंबत होतीस आणि मी आत गुरुजींच्या टेबलापुढे उभी होते. निकालाचा दिवस होता. दुपारच्या गाडीने आम्ही मायलेकी मुंबईला ह्यांच्याकडे निघणार होतो, कायमच्या. गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. म्हणाले, "पहिलीत तीनच मुलं, त्यातली ही एक. शाळेचा पट दहा होता, आता नऊ."

मी काय म्हटलं ते तुला ऐकू गेलं नसेल. मी म्हटलं, "मग तुमच्या पटासाठी माझी पोर इथेच कुजवू काय?"

गुरुजींनी कागद पुढे ओढला. खाली मान घालून दाखला लिहिला, शिक्का मारला, वर सईच्या हातात एक खडूचा डबा दिला. आबा पायरीवर बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं. मला म्हणाले, "शाळा भिंती बघान पारखूची नाय गो, पोराक इचारून पारखूची." आणि मी, तुझी हुशार ताई, बापाला म्हणाले, "आबा, तुम्ही चौथी शिकलात. तुम्ही मला नका शिकवू."

असा आशीर्वाद घेऊन मी गाव सोडला.

मुंबईची शाळा मी भिंती बघूनच पारखली. वाकोल्यात आमची खोली, तिथून चालत दहा मिनिटांवर पालिकेची शाळा. नाव लिहीत नाही, नावाने काय व्हायचंय. चार मजले, खाली लादी, पाण्याला फिल्टर, वर्गात भिंतीएवढा पडदा. दप्तर, बूट, रेनकोट, कंपास, सगळं फुकट. आपल्या शाळेला दोन खोल्या, चार इयत्तांना मिळून एक गुरुजी, आणि वर्गात कुणाची तरी म्हैस डोकावून जाते. मला वाटलं, जिंकले. पहिल्या आठवड्यात तुला किती फोटो पाठवले मी! जिन्याचा पाठवला, संडासाचासुद्धा पाठवला. तू लिहिलंस, "ताई, झकास आहे गो." मी दिवसभर साड्यांना फॉल लावत बसायचे आणि ते तुझं झकास मनातल्या मनात परत परत ऐकायचे.

सईचं अक्षर मोत्यासारखं झालं. फळ्यावरचं जसंच्या तसं वहीत उतरवायची, एक काना इकडेतिकडे नाही. कविता तोंडपाठ, धडे तोंडपाठ. मला वाटायचं, हेच शिक्षण. मी दहावी पास बाई, पण कधी तिला वेगळं काही वाचायला दिलं नाही. दिवसाला आठ-दहा साड्या असायच्या. आणि खरं सांगू, गरजच वाटली नाही.

मला बोलता येतं, ते मोठ्या बाईंनी हेरलं. त्यांनी मला शाळेच्या समितीत घेतलं, पालकांमधून. वर्षातून चार वेळा खुर्चीवर बसायचं, चहा प्यायचा, सही करायची. चाळीतल्या बायका मला "समितीवाल्या वहिनी" म्हणायला लागल्या. तुझ्या दाजींना हसू यायचं, मला नाही.

सई तिसरीत गेली आणि तपासणी आली. साहेब येणार, मुलांना वाचायला लावणार, शाळेला शेरा देणार. आदल्या दिवशी मोठ्या बाईंनी मला बोलावलं आणि कागद हातात दिला. अकरा नावं. म्हणाल्या, "या मुलांना उद्या घरीच ठेवायला सांगाल का? शिपाई पाठवला तर बोभाटा होतो. तुमचं बायका ऐकतील." मी विचारलंसुद्धा नाही की ही कुठली मुलं. कळलंच होतं. ज्यांना वाचता येत नाही ती. यादीत सईचं नाव नाही एवढं बघितलं आणि चपला घातल्या.

अकरा दारं फिरले मी, सुषमे. कुठे म्हटलं, शाळेत साथ आहे, कुठे म्हटलं, औषध फवारणार आहेत. शेवटचं घर शालनचं. ती परभणीकडची, चार बिल्डिंगांत भांडी घासते. तिची प्रणाली सईच्याच वर्गात. शालनला थाप मारून भागेना. "लेकीला ताप ना खोकला, मग घरी का ठेवू?" मला उशीर होत होता. मी तोंड सोडलं. "अगं, तुझ्या पोरीला वाचता येत नाही. साहेबांसमोर उभी राहिली तर आख्ख्या शाळेची वाट लागेल. एक दिवस घरात ठेवलीस तर काय मरणार आहे का?"

प्रणाली आतच होती, वेणी घालत. तिचा हात केसांतच राहिला. शालन म्हणाली, "बरं," आणि तिने पडदा ओढला. मी घरी येऊन सईच्या फ्रॉकला इस्त्री केली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. बाईंनी सईला पुढे उभं केलं, पुस्तक उघडून हातात दिलं, सातवा धडा. सईने घडाघडा वाचला. साहेब म्हणाले, "वा!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग पत्रकावर मला सही करायची होती. त्यात एक ओळ होती, मुलांना वाचता येतं का, पुढे चौकोन. मी "उत्तम" वर टिक केली. संध्याकाळी तुला फोन केला आणि म्हटलं, "तुमच्या गुरुजींना सांग, म्हणावं कुजवली नाही मी पोर." तू वाडीभर सांगितलंस. आबांनाही सांगितलंस. ते काय म्हणाले ते मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही.

महिन्याभराने तुझ्या दुर्वाचं पत्र आलं. दुरेघी कागदावर, पेन्सिलीने, तुझी चिठ्ठी चिकटवलेली की हे तिने एकटीने लिहिलंय. दुसरीतली पोर! माझ्या मांडीवर साडी होती. मी कागद सईकडे दिला. "वाच गो मोठ्याने, काय म्हणते आपली दुर्वा."

सईने कागद पुस्तकासारखा दोन्ही हातांत धरला. मी म्हटलं, "वाच ना." तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, हा धडा आम्हाला नाहीये."

मी हसले गो. मला वाटलं, मस्करी करते. मग तिचा चेहरा बघितला. "पहिला शब्द वाच." स्वतःचं नाव वाचलं तिने. "पुढचा?" पुढे नाही. कागदावर आणखी कुठे काय आहे, काही नाही. मी उठून तिचं पुस्तक आणलं, सातवा धडा काढला. घडाघडा सुरू झाली. मी पानावर हात ठेवला, सगळं पान झाकलं. ती थांबली नाही. धडा संपेपर्यंत माझ्या पंज्याकडे बघून वाचत राहिली.

मी तिच्या थोबाडीत मारली. लिहायला लाज वाटते, पण मारली. साहेबांना मारता येत नव्हतं, बाईंना मारता येत नव्हतं, स्वतःला कोण मारतं? समोर पोर होती. तिला कळलंच नाही की का मारलं, कारण तिने धडा बरोबर म्हटला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी तिच्या वर्गबाईंशी भांडले. त्या ऐकून घेत होत्या, हातात मतदारांच्या याद्या होत्या, त्यांच्याकडे तेही काम. म्हणाल्या, "पंचावन्न मुलं आहेत वर्गात. तुमची सई पाठांतराला चांगली आहे, निदान उभी तरी करता येते. ज्यांना पाठही होत नाही त्यांना घरी ठेवतो, आणि ते निरोप तुम्हीच दिलेत ना? 'उत्तम' पण तुम्हीच टिक केलंय." मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "मला काय आवडतं हो हे?" मी परत फिरले. माझीच सही होती.

शिकवणी परवडणारी नव्हती. बुद्धविहारात एक कॉलेजातली मुलगी संध्याकाळी मुलांना फुकट वाचायला शिकवते, असं कळलं. आणि तिथे प्रणाली जाते, हेही कळलं. तपासणीच्या दुसऱ्या दिवसापासून शालनने तिला तिथे बसवलं होतं. कामावरून पुड्यांचे कागद आणते, पेपरचे तुकडे, आणि लेकीकडून वाचून घेते. स्वतःला येत नाही, तरी ऐकते. पोर अडखळली की शालनला कळतं.

मी तिच्या दारात गेले. त्याच दारात. म्हटलं, "सईला पाठवू का तुमच्या प्रणालीबरोबर? तिला... वाचता येत नाही." मला वाटलं, ही आता वचपा काढणार, आणि काढायलाच हवा. शालन भांडी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "पाठव की. तिथं कुणाला घरी ठेवत नाहीत."

बस म्हणाली नाही, चहा विचारला नाही. मी पाच मिनिटं जिन्यात रडले आणि मग खोलीवर आले.

तेव्हापासून सई जाते. प्रणाली शेजारी बसते, शब्दाखाली बोट धरते आणि मोठ्याने म्हणते, "एवढं पण येत नाही तुला?" पोरंच ती, दया कुठून येणार त्यांना. सई रडते, तरी जाते. आता जोडाक्षर आलं की अडते, बाकी ढकलत ढकलत वाचते. पहिल्याच दिवशी तिथून आल्यावर ती मला म्हणाली होती, "आई, गावाला सांगू नको हं. दुर्वाला तर नकोच नको." मी म्हटलं, "गळ्याशपथ."

आणि मग गेल्या आठवड्यात तुझा फोन. दुर्वाला तुझ्याकडे पाठवते, तुझ्या शाळेत घाल, निकालाच्या दिवशी दाखला काढते. मी म्हटलं, नको, तिथेच राहू दे. तू विचारलंस, का? मी म्हटलं, जागा लहान आहे. तू म्हणालीस, पोर काय पलंगभर आहे? मी म्हटलं, हवा मानवणार नाही. मग तू बोललीस ते बोललीस: "तुझी सई साहेबांपुढे वाचूदे आणि माझी शेणात हात घालूदे, असाच ना? बरा कळला माका." आणि फोन आपटलास.

तुझं चुकलं नाही. दोन वर्षं मीच तुला ही शाळा विकली. तुला राग आला, पण त्याहून वाईट काय ते पुढे आहे, तेही वाच.

तू फोन ठेवलास आणि माझ्या मनात आलं, येऊ दे दुर्वाला. ती आली तर घरातच सईला शिकवेल, विहारात पाठवायला नको, शालनचं तोंड बघायला नको. मी एवढ्यावर थांबले नाही. मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं की भाची येतेय, छान वाचते. बाई खूश. "आणा की! गावाकडची मुलं वाचतात हो. पुढच्या तपासणीला तिलाच उभी करू." आणि मला बरं वाटलं, सुषमे. दोन-चार पावलं चालेपर्यंत खरोखर बरं वाटलं. मग कळलं की दुर्वाला पुढे उभं करायचं म्हणजे मागची कुणीतरी घरी ठेवायची, आणि घरी ठेवायच्या त्या यादीत या वेळी माझ्या सईचंच नाव येईल. तिकडे तुमचा नऊचा पट आठवर येईल. गुरुजी म्हणत होते ना, आणखी एक गेलं तर शाळा बंद करून मुलांना वरच्या गावात पाठवतील. मग बाकीची आठ पोरं रोज तिथपर्यंत चालणार, माझ्या थापेपायी.

म्हणून सगळं लिहिलं. फोनवर आपण भांडलो असतो आणि माझा धीर सुटला असता. दाखला काढू नकोस. गुरुजींना सांग की मी चुकले. नको, तू सांगू नकोस, मे महिन्यात येऊन मीच सांगेन, तिथे म्हैस असली तरी तिच्यादेखत.

इथल्या बायका विचारतात, तुमचं घर कुठलं. मी अजून गावाचं नाव सांगते. पण घर म्हणजे काय उरलं होतं माझं, सांगू? खोलीत पंख्याखाली साड्या घेऊन बसले की मला एवढाच आधार असायचा की तिकडे वाडीत दहापंधरा माणसं आहेत आणि ती समजतात, ताईचं मुंबईत छान चाललंय. तू, आबा, गुरुजीसुद्धा. तेवढं एकच घर होतं, भाडं न भरता मिळालेलं. ते मी आता या कागदाने मोडतेय. तू हे आबांना वाचून दाखवशील, वाडीला कळेल, दुर्वाला कळेल. कळू दे.

सई विहारात गेली आहे, सातला येईल. आली की विचारेल, काय लिहितेस, आणि आता तिला थोडं वाचता येतं. त्याआधी पाकीट बंद करून पेटीत टाकून येते.

तुझी ताई